दाराबाहेरचं काळं स्टूल

सोमवार, ३

ही वही पडद्यांची मापं लिहायला आणली होती. आता तिच्यात मनातलं लिहिणार. बोलायला गेलं की हे म्हणतात, "झालं सुरू!" वही तसं म्हणत नाही.

आज छकुली आली. माझी धाकटी बहीण. त्रेचाळिसाव्या वर्षी कुणी छकुली असतं का? पण आईच्या तोंडी तेच, म्हणून सगळ्यांच्या तोंडी तेच. मी मात्र जन्मल्यापासून मोठी. महिनाभराची रजा काढून आलीय. मोठमोठ्या दुकानांच्या काचेमागे सजावट करणं हा तिचा धंदा. खोटी झाडं, खोटा बर्फ, खोटे दगड. तीन पिशव्या घेऊन आली, त्यातल्या दोन नुसत्या रंगाच्या डब्यांच्या आणि ब्रशांच्या. म्हटलं, माहेरी आलीस की कामावर? हसली फक्त.

आईनं दारातच तिचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. कपाळ, गाल, हनुवटी. चांगला मिनिटभर. बाबा गेल्यापासून आठ वर्षं आई माझ्याकडे आहे, मला कधी असं हात लावून पाहिलं नाही. मी काय, रोजचीच. घरकी मुर्गी!

गुरुवार, ६

आज डोकं फिरायची वेळ आली.

घरातलं लाकडी सामान बाबांनी करून घेतलेलं, आईबरोबर इकडे आलेलं. टीपॉय, बाक, चपलांचं कपाट, आईच्या पलंगाशेजारचं छोटं टेबल, पाय ठेवायचं बुटकं स्टूल. गडद, घरातल्या फरशीसारखंच जवळजवळ काळं लाकूड. आठ वर्षं मी त्याला पॉलिश करतेय, माझी बोटं त्या वासाची झालीत. आणि आज शिवणाच्या मशीनवरून उठून पाहते तर बाईसाहेब जमिनीवर मांडी घालून टीपॉय पॉलिश पेपरनं खरवडतायत!

"हे काय चाललंय?"

"ताई, ह्याला संगमरवर करतेय."

"खऱ्या लाकडाचा खोटा दगड? तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?"

तेवढ्यात आई आतून म्हणाली, "करू दे गं तिला. मीच सांगितलंय. मला आता लख्ख लख्ख हवंय सगळं."

म्हणजे इतकी वर्षं माझ्या पॉलिशनं काय अंधार पसरला होता? मी मशीन इतकं जोरात चालवलं की सुई मोडली. दुसरी ओवायला आईकडे दिली, पूर्वी एका झटक्यात ओवायची. तर म्हणते, "तूच ओव बाई, मला कंटाळा येतो." लाडकी लेक आल्यावर माझ्या सुईचा कंटाळा येणारच.

शनिवार, ८

टीपॉय झाला.

खोटं कशाला लिहू, पडद्याआडून पाहत होते. आधी पांढऱ्या रंगाचे दोन हात. मग करड्या रंगात भरपूर पाणी घालून स्पंजनं इथंतिथं टिपलं, ढगाळ केलं. आणि मग पिसानं रेघा. पिसानं! हात मुद्दाम थरथरवत, तिरकी रेघ ओढायची आणि ओली असतानाच कोरड्या ब्रशनं तिच्यावरून हलकेच फिरवायचं, की ती आत बुडाल्यासारखी दिसते. यांना सांगत होती, "भावजी, रेघांची जाळी नाही होऊ द्यायची. दगडातल्या रेघा सगळ्या एका अंगानं जातात, फाटे फुटतात, पण फुली मारत नाहीत." हेही अगदी मान डोलावून ऐकत होते. मी पडद्यांच्या चुण्यांबद्दल सांगायला लागले की यांना जांभई येते.

वरून चकचकीत वॉर्निश. शेजारीण आली, बोटानं टकटक करून पाहिलं, मगच तिला पटलं. "अगंबाई, लाकूडच की हे! मला वाटलं दगड आणला!" छकुलीकडे पाहून केवढं तोंडभर हसली. माझ्याकडे पाच वर्षं पडदे शिवून घेतेय, पण हसताना कधी तिचे दात दिसले नव्हते मला.

आई तर टीपॉयच्या कडेवरून हात फिरवत बसली होती. "कडा कशा लख्ख दिसतात गं छकुले." कुणी टीपॉयच्या कडेचं कौतुक करतं का? पण छकुलीनं केलंय ना, मग कडासुद्धा सुंदर.

मंगळवार, ११

संध्याकाळी दिवेलागणीला दोघी आईच्या खोलीत जातात आणि दार लोटून घेतात. पाच-दहा मिनिटं. बाहेर आल्या की आईचे डोळे ओले. काय रडगाणी गाते तिच्यापाशी? माझीच असणार.

फ्रिजच्या दारात छकुलीची डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली आहे. कॉम्प्युटरवर बसून डोळे चुरचुरतात म्हणाली. मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत सुईच्या टोकाकडे बघते, माझे नाही चुरचुरत.

आज डाळीत खडा लागला. डाळ आईनं निवडलेली. हे गप्प गिळून बसले, मीच बोलले, "आई, लक्ष कुठं असतं हल्ली?" छकुलीनं माझ्याकडे असं पाहिलं जसं मी कुणाच्या थोबाडीत मारलीय. तुझं काय जातं? महिनाभर गोड बोलून जाणार तू. खडे मला लागायचेत.

शुक्रवार, १४

दोघी सकाळी बाहेर गेल्या. "जरा फिरून येतो." मला विचारलंसुद्धा नाही. स्वयंपाक करून वाट पाहत बसले, भाजी दोनदा गरम केली. भर दुपारी उगवल्या. आईच्या डोळ्यांवर काळा गॉगल! "छकुलीनं घेऊन दिला, ऊन बाधतं ना."

मी मागच्या वर्षी चप्पल घेऊन देत होते तर म्हणाली, कशाला उगीच, आहे ती चांगली आहे. आणि आता गॉगल!

मी भांडी आपटली. हे म्हणाले, "हळू, पातेल्याचा काय दोष?" मग म्हणाले, "आईंच्या नडगीला काळंनिळं झालंय, पाहिलंस का?" म्हटलं, वय झालं की होतं, आणि विषय बदलू नका. यांना नेहमी मधेच काहीतरी सुचतं.

रविवार, १६

चपलांचं कपाट झालं. बाक झाला. पलंगाशेजारचं टेबल झालं. घर आहे की दवाखाना कळेनासं झालंय, जिकडे पाहावं तिकडे पांढरं. येणारा प्रत्येक माणूस म्हणतो, "कुणी केलं?" आणि मी म्हणते, "माझ्या बहिणीनं." आणि लगेच चहा टाकायला आत जाते.

शेवटी काल मीही रंग आणला. म्हटलं, अठ्ठावीस वर्षं सरळ शिवण घालतेय, मला एक रेघ जमू नये? चहाचा ट्रे घेतला. थोडा जाडच झाला रंग. वाळायच्या आत दुसरा हात दिला, मला कुठला धीर! रेघाही उठून आल्या, छकुलीसारख्या आत बुडाल्या नाहीत. पण वाईट नव्हता, अगदी मनापासून सांगते, वाईट नव्हता.

आईपुढे धरला. ती माझ्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाली, "छान झालाय हो." ट्रेकडे पाहिलंसुद्धा नाही! मी तसाच त्यावर चहा ठेवून पुढं केला, तर कपाच्या बाजूलाच हात घातला आणि निम्मा चहा सांडला. मी म्हटलं, "माझा ट्रे आहे म्हणून?" आईला काही कळलं नाही, किंवा कळलं नाही असं दाखवलं. छकुली फडकं घेऊन धावली. तिचं धावणं मला सगळ्यात जास्त झोंबलं.

बुधवार, १९

आज जे ऐकलं ते लिहायला हात धजत नाही, पण लिहिते.

आईच्या खोलीवरून कपडे घेऊन जात होते. दार लोटलेलं. आई म्हणत होती, "मोठीला आत्ता काही सांगू नकोस. तू गेलीस की मी बघीन." छकुली म्हणाली, "आई, तिला सांगावंच लागणार आहे ना कधीतरी?" "माझी शपथ आहे तुला."

आई जाणार. हिच्याकडे राहायला जाणार! त्यासाठीच ही रजा, हे फिरणं, हा गॉगल, हे लाडीगोडीचे दगड. मी आठ वर्षं तिच्या पायांना तेल लावलं, तिच्या दुखण्याखुपण्यात रात्री जागले, आणि ही आयत्या बिळावर नागोबा! माझं कुणी मोठंसं कौतुक करावं अशी हाव नाही. पण आई माझी आहे. म्हणजे तिचीही आहे. पण माझी जास्त आहे.

दुपारी बुटकं स्टूल गॅलरीत नेत होते, तर छकुली म्हणाली, "ताई, ते राहू दे, ते मी शेवटी पांढरं करणार आहे." मी म्हटलं, "एक तरी वस्तू माझ्यासाठी ठेव." ती काहीतरी बोलणार होती. मी दार लावून घेतलं.

शनिवार, २२

झालं! आणि असं झालंय की मी स्वतःच तीनदा जाऊन पाहून आले.

पांढरा कुणीही करेल. मी काळा संगमरवर केला. चकचकीत काळा, आणि त्यावर जाड रंगाच्या पांढऱ्या रेघा, मधेच एखादी सोनेरी. पीस कबुतराचं, गॅलरीतच सापडलं. मेल्यांनी आजवर नुसती घाण केली, पहिल्यांदा काही कामाला आले. सगळ्या रेघा एका अंगानं, एकही फुली नाही. यांना दाखवलं तर हे बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "हे तर छकुलीच्या वरताण आहे." लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, एवढं गोड वाक्य पहिल्यांदा ऐकलं. छकुली दिवसभर बाहेर होती, तिला अजून दाखवलं नाही. आधी आई पाहील.

उद्या सकाळी आई उठायच्या आत तिच्या खोलीच्या दाराबाहेर ठेवणार, अगदी मधोमध. दार उघडलं की पहिलं तेच नजरेस पडलं पाहिजे. मग बघू, छकुलीकडे जायचं म्हणते का.

रविवार, २३

आई पडली.

स्टुलावर.

उजवं मनगट मोडलं. कपाळाला खोक.

सोमवार, २४

काल दवाखान्यात आईला प्लास्टर घालत होते आणि आम्ही दोघी बाहेर बाकड्यावर बसलो होतो. मला काही सुधरत नव्हतं. माझ्याच हातानं ठेवलं होतं स्टूल, आणि ते सहन होईना म्हणून मी छकुलीवरच घसरले.

"तुला आनंद झाला असेल ना? आठ वर्षांत आईला खरचटलं नाही माझ्याकडे. तू आलीस आणि घरभर तुझी खेळणी मांडलीस. तुझ्या एका वस्तूला तिचा धक्का लागला नाही, अडखळली ती नेमकी माझ्याच स्टुलाला!"

ती रडत होती. म्हणाली, "ताई, माझी पांढरी आहेत गं."

"मग? पांढऱ्याला काय पाय फुटतात?"

"काळ्या फरशीवर काळं ठेवलं तर आईला दिसत नाही."

मग तिनं सगळं सांगितलं. काचबिंदू आहे. समोरचं थोडंफार दिसतं, माणसाचा चेहरा दिसतो, पण बाजूचं आणि पायाशी असलेलं सगळं हळूहळू मिटत चाललंय. आईनं फोनवर तिला एकदाच म्हटलं होतं, "टीपॉय हल्ली मला मारतो." म्हणून ही रजा काढून आली. त्या दिवशी फिरायला नाही, डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या, तेही दुसऱ्यांदा; पहिल्यांदा ती आल्याच्या दुसऱ्या दिवशीच, मी पडदे पोचवायला गेले होते तेव्हा. संध्याकाळी दार लोटून थेंब घालायच्या. संगमरवर बिंगमरवर काही नाही, नुसता पांढरा रंग दिला असता तर मी विचारलं असतं, का? म्हणून तिनं त्याला सजावटीचं रूप दिलं.

नडगीचे डाग. सुई. डाळीतला खडा. चहा. सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि प्रत्येक गोष्टीवर मी आईला बोलले होते.

"मला का नाही सांगितलंस?"

"आईनं शपथ घातली. म्हणाली, मोठीला कळलं तर उद्यापासून ती मला भाजी निवडू देणार नाही, चहा करू देणार नाही, एका जागी बसवून ठेवेल. मग मी त्या घरात नुसती पाहुणी."

खरं आहे. मी तसंच केलं असतं. आणि तरी लिहिते, कारण इथं खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय: आईला दिसत नाही हे कळल्यावर काळजाचं पाणी झालंच, पण त्याच्या पाठोपाठ, लगेच, हेही मनात आलं की तिनं आधी छकुलीला सांगितलं.

शनिवार, २९

डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही. आहे ती थेंबांनी टिकवायची. आता दिवसातून दोनदा, न चुकता.

छकुली उद्या जाणार. तिनं मला थेंब घालायला शिकवलं. खालची पापणी बोटानं ओढायची, थेंब पडला की आईला डोळा मिटून घ्यायला सांगायचं. पहिल्या दिवशी माझा थेंब गालावर पडला. आई म्हणाली, "छकुलीचा हात हलका आहे." आजारी माणूस आहे, पडलेलं माणूस आहे, तरी मला राग आलाच! मग आईच म्हणाली, "तू शिकशील. तुला आयुष्यभर घालायचेत."

म्हणजे जाणार नाहीये. मी विचारलंच, "तू छकुलीकडे राहायला जाणार होतीस ना?"

"कुणी सांगितलं? तिथं मला संडास कुठं ते सापडणार नाही. इथं मला पावलं पाठ आहेत."

याला प्रेम म्हणायचं की नाही ठाऊक नाही. मी म्हणून टाकलं.

आज आईला भाजी निवडायला दिली. पांढऱ्या ताटात, म्हणजे हिरवं दिसतं. डाव्या हातानं निवडत होती. मी शेजारी बसून एक शब्द बोलले नाही. कसं बसले ते माझं मला माहीत.

रविवार, ६

छकुली गेल्यावर ते काळं स्टूल माळ्यावर टाकलं होतं. काल उतरवलं. पॉलिश पेपर घ्यायला हवा होता, पण मला कुठला धीर. काळ्यावर तसेच पांढऱ्याचे तीन हात दिले. खालच्या रेघा जाड होत्या, त्या पांढऱ्यातूनही उठून आल्या. कडेनं थोडं करडं टिपलं. बरं दिसतं, एवढंच. छकुलीच्या सामानाशेजारी ठेवलं की गरीब पाहुण्यासारखं दिसतं.

सकाळी आईच्या पलंगापाशी ठेवलं आणि आधी तोंडानं सांगितलं, "आई, इथं स्टूल ठेवलंय." ती वाकली, डाव्या हाताची बोटं त्यावरून फिरवली.

"हे तुझं."

"कशावरून?"

"छकुलीचं सगळं गुळगुळीत. हात फिरवला की टीपॉय कुठला, कपाट कुठलं, काही उमगत नाही. तुझ्या रेघा बोटाला लागतात." मग तिनं एक रेघ धरली आणि अगदी सावकाश बोट नेत राहिली. "ही इथून निघाली... इथं वळली... हा फाटा फुटला... आणि ही आली कडेला. इथं संपलं स्टूल."

मी उगीचच उशी झटकली.

"एक काम कर," आई म्हणाली. "बाकीच्या सगळ्यांवरही अशा रेघा ओढ. प्रत्येकावर वेगळ्या. आत्ता पांढरं दिसतंय मला. पुढं तेही दिसेनासं झालं, तर बोटाला कळायला हवं मी कुठं आलेय ते."

तशीच उठून छकुलीला फोन लावला. खरं तर तोरा मिरवायलाच लावला होता. म्हटलं, "तुझ्या टीपॉयवर मी माझ्या रेघा ओढणार आहे. आईनं सांगितलंय. माझ्याच हव्यात म्हणाली."

"का गं?"

मी सांगितलं, का ते.

छकुली म्हणाली, "जाड ओढ, ताई."

उद्या पीस शोधायला हवं. इतके दिवस गॅलरीभर घाण करत होते, आणि आज नेमकं एक मेलं कबूतर फिरकलं नाही.